एवढी फौज जेवली कुठे?

आधी निकाल सांगून टाकते. प्राचीन काळातल्या लढायांवरच्या तीन मालिका पाहिल्या. 'रोम' बघाच, पण घरातली पोरं आणि सासूबाई झोपल्यावर. 'अलेक्झांडर: द मेकिंग ऑफ अ गॉड' सहाच भागांची आहे, एका सुट्टीच्या दिवशी उरकते आणि वेळ फुकट गेला असं वाटत नाही. 'पोरस' अडीचशे भागांच्या घरात जाते. ती लसूण सोलताना, भाजी निवडताना लावून ठेवायची. मधला एखादा भाग चुकला तरी काही अडत नाही.

मी इतिहासाची प्राध्यापक वगैरे नाही. पंचवटीत आमचा केटरिंगचा धंदा आहे, सासऱ्यांपासूनचा. लग्न, मुंज, वास्तुशांत, दशक्रिया, काहीही सांगा. २०१५च्या सिंहस्थात तपोवनात एका अन्नछत्राचं काम आमच्याकडे होतं, आणि तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. गर्दी बघितली की माणसं दिसत नाहीत, पानं दिसतात. टीव्हीवर क्षितिजापर्यंत भाले घेऊन फौज उभी राहते. मुलगा म्हणतो, "आई, ग्राफिक्स बघ काय आहे!" आणि माझ्या तोंडून निघतं, "अरे, पण ह्यांची कोठी कुठंय?"

तिन्ही मालिकांबद्दल माझी मुख्य तक्रार हीच, कुठे कमी कुठे जास्त. छावणी म्हटली की लाल तंबू, मशाली, मधोमध टेबल, टेबलावर नकाशा, नकाशावर लाकडी सोंगट्या. सेनापती हातात प्याला घेऊन एकमेकांवर ओरडतात. बाहेर दोन-चार शिपाई तलवारीला धार लावत बसलेले. संपली छावणी. जळणाचा ढीग नाही, पखाली नाहीत, दळण नाही, खरकटं नाही, रांग नाही. रांगेवरून भांडण तर नाहीच नाही! हजार पान भांडण न होता उठवून दाखवा, मग मी कुणालाही सेनापती म्हणायला तयार आहे.

हे म्हणजे स्वयंपाकघरातून लढाई बघणं झालं, असं ह्यांचं म्हणणं पडलं. मग किराण्याच्या यादीच्या पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडून दाखवला. अलेक्झांडर इ.स.पू. ३३४ मध्ये आशियात उतरला तेव्हा त्याच्याबरोबर पायदळ आणि घोडदळ मिळून चाळीस हजारांच्या आसपास माणूस होता. दिवसभर सामान वाहत चालणाऱ्या गड्याला नुसतं किलोभर धान्य धरा, त्याहून कमी पुरत नाही. रोजचे चारशे क्विंटल झाले. आजचे दहा टनी चार ट्रक. तेव्हा ट्रक नव्हते, खेचरं होती. एक खेचर शंभर किलो वाहील, म्हणजे एका दिवसाच्या नुसत्या धान्याला चारशे खेचरं. आणि खेचर काही उपाशी चालत नाही. चारा वाटेत मिळाला तरी दाणा पाठीवरचाच, दिवसाला चार-पाच किलो. दहा दिवस चाललं की निम्मा माल वाहणाऱ्याच्याच पोटात गेलेला असतो. वीस दिवसांनी खेचर पोचतं, माल पोचत नाही. घोड्यांचा हिशेब मी यात धरलेलाच नाही.

हे एकदा कळलं की नकाशावरच्या सोंगट्या नदीकाठाने आणि समुद्रकाठाने का सरकतात, पिकं कापणीला आली की मगच का हलतात, ते आपोआप कळतं. जड माल बोटीतून येतो आणि बोट दाणा खात नाही. अलेक्झांडरच्या वडिलांनी, फिलिपने, तर फौजेतल्या गाड्याच बंद केल्या होत्या. दहा पायदळांमागे एकच गडी, जातं आणि दोर उचलायला. उन्हाळी मोहिमेवर निघताना तीस दिवसांचं पीठ ज्याचं त्याने खांद्यावर घ्यायचं. गाड्या गेल्या आणि फौज झपाझप चालायला लागली. पोराने पुढे जे जिंकलं त्यातलं निम्मं श्रेय मी बापाच्या या शिस्तीला देईन. मालिकांमध्ये फिलिप दिसतो तो बहुतेक दारू पिऊन बायकोशी भांडताना.

ह्यांनी कागद बघितला, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून शेजारी येऊन बसायला लागले.

आता 'पोरस'. सोनीवर २०१७-१८ मध्ये लागायची. राजघराण्यातलं मूल लहानपणीच दुरावतं, परक्यांत वाढतं, आणि तिकडे मॅसिडोनियात अलेक्झांडर वाढतो. दोन पाळणे एकदम हलवायची कल्पना मला मनापासून आवडली. शत्रूचं बालपण इतक्या सवडीने दाखवायचं धाडस आपल्याकडच्या मालिका सहसा करत नाहीत. लक्ष्य नावाचा मुलगा पोरस झालाय, दिसतो राजबिंडा. रोहित पुरोहितचा अलेक्झांडर त्याच्यापेक्षा भाव खाऊन जातो. डोळ्यांत एक विचित्र भूक ठेवलीय त्याने. कपडे मात्र सगळ्यांचेच इस्त्रीचे. महिनोन्महिने मोहिमेवर असलेल्या माणसाची दाढी इतकी कोरीव कशी, हे कुणीतरी मला सांगा.

इतिहास म्हणून बघायला बसाल तर डोकं दुखेल. पोरसच्या बालपणाबद्दल कुठल्याही जुन्या ग्रंथात अक्षर नाही. आपल्याकडच्या जुन्या साहित्यात ती लढाईच नाही. जे काही आहे ते ग्रीक आणि रोमन लेखकांचं, आणि हाताशी उरलेले ग्रंथ लढाईनंतर शेकडो वर्षांनी लिहिलेले. म्हणजे मालिकावाल्यांना मोकळं रान होतं. त्यांनी ते वापरलं, त्याबद्दल राग नाही. राग याचा आहे की जिथे नोंद आहे, आणि भन्नाट नोंद आहे, तिथे त्यांनी दोन नायकांची एकमेकांवर रोखलेली नजर दाखवण्यात वेळ घालवला.

पुतण्या एमपीएससीचा अभ्यास करतो. त्याने सावानातून, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून, आणलेल्या पुस्तकात मी ती लढाई वाचली, आणि टीव्हीवरची फिकी पडली. इ.स.पू. ३२६. झेलम, जिला ग्रीक हायडास्पीस म्हणायचे. नदी फुगलेली. पलीकडच्या काठावर पोरस. एरियन हा जुना लेखक आकडे देतो: तीस हजार पायदळ, चार हजार घोडेस्वार, तीनशे रथ, दोनशे हत्ती. अलेक्झांडरची खरी अडचण हत्तींच्या सोंडांची नव्हती, स्वतःच्या घोड्यांची होती. समोर हत्ती दिसले की घोडे तराफ्यावर टिकणार नाहीत, मधल्या पाण्यातच उड्या मारतील.

मग त्याने काय केलं? धान्य मागवलं. अलीकडच्या मुलखातून, चारही बाजूंनी, उघड उघड. पलीकडच्या काठाला कळेल अशी रास छावणीत लागत गेली. किराण्याचा टेम्पो ज्या दारात उतरतो त्या घरी कार्य आहे, हे गल्लीला पत्रिकेआधी कळतं. पोरसलाही तेच कळलं: हा गडी आता पाणी उतरेपर्यंत, थंडीपर्यंत, इथून हलत नाही. दुसरीकडे रोज रात्री काठावर आरडाओरडा, घोड्यांची पळापळ, रणगर्जना. पोरस प्रत्येक वेळी हत्ती घेऊन आवाजाच्या दिशेने धावायचा. काही रात्रींनी कंटाळला, धावायचा थांबला. आणि मग एका वादळी रात्री, विजा कडाडत असताना, छावणीपासून सत्तावीस-एक किलोमीटर वर, झाडीने भरलेल्या एका बेटाच्या आडून अलेक्झांडर पार झाला. मूळ छावणीत शेकोट्या तशाच पेटत्या ठेवून, तिथे क्रेटरस नावाचा सरदार आणि बरीच फौज बसवून.

होड्या कुठून आल्या तेही वाचण्यासारखं आहे. सिंधू नदीवरच्या होड्या कापून आणल्या होत्या. लहान होडीचे दोन तुकडे, तीस वल्ह्यांच्या मोठ्या होडीचे तीन. गाड्यांवर घालून जमिनीवरून झेलमपर्यंत ओढल्या आणि तिथे परत जोडल्या. शिवाय कातडी पिशव्यांमध्ये वाळकं गवत ठासून, शिवून, त्यांचे तराफे. मला सांगा, सुतार, चांभार, गाडीवान, धान्याचे व्यापारी, रात्रभर ओलं जळण फुंकत बसलेली माणसं... एवढी पात्रं हाताशी असताना तोच तो तलवारीचा खणखणाट कशाला? पोरसच्या मुलाने आणलेले पहिले रथ पावसाच्या चिखलात रुतले, ही एक गोष्ट पुरे होती. ज्याने पावसात मांडव घातलाय त्याला ती समजवावी लागत नाही.

आमचे मुख्य आचारी, ज्यांना सगळे महाराज म्हणतात, ते एका संध्याकाळी बुंदी पाडून झाल्यावर येऊन बसले होते. पडद्यावर हत्तींची रांग आली. महाराज जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "वहिनी, ह्यांना घालत काय असतील हो?"

मी म्हटलं, "मोठा हत्ती दिवसाला दीडशे किलो सहज खातो म्हणतात."

"दोनशे हत्ती?"

"तीस टन. रोज."

"आणि एका जागी उभे? नदीकाठी?" महाराजांनी हिशेब पुढे नेला. "मग आठवड्यात आजूबाजूचं रान साफ. चारा लांबून आणायचा, आणायला बैल, बैलांना परत चारा." थोडं थांबून म्हणाले, "आणि शेण?"

अडीचशे भागांच्या मालिकेवर याहून चांगली समीक्षा मी वाचलेली नाही. अलेक्झांडर रात्री-रात्री काठावर नाटकं करत होता तेव्हा तो पोरसचा चारा आणि झोप दोन्ही खात होता, असं मला तेव्हापासून वाटतं. हे एरियन म्हणत नाही, मी म्हणते. पण महाराजांना पटलंय.

'अलेक्झांडर: द मेकिंग ऑफ अ गॉड' नेटफ्लिक्सवर २०२४च्या सुरुवातीला आली. यात नाटक थोडा वेळ चालतं, मग एखादे प्राध्यापक खुर्चीत बसून समजावतात, मग परत नाटक. मुलाला हा प्रकार आवडला नाही, ऐन रंगात आलेल्या प्रसंगात कुणीतरी चष्मा लावून येतं म्हणतो. मला आवडला. कोणती गोष्ट नोंदीत आहे आणि कोणती रंगवलेली, याचा थोडा तरी अंदाज येतो. एकटीने बघायची असेल तर सबटायटलं वाचायची तयारी ठेवा. हातात काम असेल तर जमत नाही, माझी एक फोडणी त्यात गेली.

दोष असा की सहा भागांत गोष्ट बॅबिलॉनला येऊन थांबते. झेलम नाही, बियासवर सैन्याने पुढे यायला दिलेला नकार नाही, परतीचं वाळवंट नाही. मोठी लढाई गौगामेलाची, इ.स.पू. ३३१, ऑक्टोबर. पर्शियाचा राजा दारयवहू याने आपल्या रथांसाठी मैदान आधीच सपाट करून घेतलं होतं, इतकी तयारी. पण तयारीत माणसं राहिली. आदल्या रात्री अलेक्झांडरने आपल्या फौजेला सांगितलं, जेवा आणि झोपा. दारयवहूला रात्रीच्या छाप्याची धास्ती, त्याच्या छावणीला नीट तटबंदी नाही, म्हणून त्याची फौज रात्रभर हत्यारं घेऊन रांगेत उभी. सकाळी एकीकडे पोटभर जेवून झोपलेली माणसं आणि दुसरीकडे तारवटलेल्या डोळ्यांची. अलेक्झांडर स्वतः इतका गाढ झोपला होता की पार्मेनियन या म्हाताऱ्या सरदाराला त्याच्या बिछान्याशी उभं राहून दोन-तीनदा नाव घेऊन हाक मारावी लागली, अशी गोष्ट प्लूटार्क सांगतो. मला ही रात्र अख्खा एक भाग भरून बघायला आवडली असती. पहाटेच्या पूजेचं काम असलं की आम्ही वाढप्यांना रात्री दहाला सक्तीने झोपवतो. जागलेला माणूस वरणाची बादली सांडतो, हा अनुभव आहे.

आणि त्या वाळवंटाची एक गोष्ट कुणीतरी टीव्हीवर आणाच. हिंदुस्थानातून परतताना, इ.स.पू. ३२५, मकरानच्या कोरड्या पट्ट्यात फौजेचे हाल झाले. एका ठिकाणी थोडं धान्य मिळालं. अलेक्झांडरने ते आपली मोहोर लावून बंद केलं आणि समुद्रावरच्या आरमारासाठी पाठवलं. राखणीला दिलेल्या शिपायांनीच वाटेत मोहोर फोडली, धान्य स्वतः खाल्लं आणि उपाशी सोबत्यांना वाटलं. राजाची मोहोर फोडणं म्हणजे गर्दन गेली. पण परिस्थिती बघून त्याने माफ केलं. कोठीच्या किल्लीवरून झालेलं एवढं मोठं नाटक मला दुसरं माहीत नाही.

'रोम' २००५ ते २००७ मधली, एचबीओ आणि बीबीसीची, बावीस भाग. जुनी झाली, पण या तिन्हींत माणसांना घाम येतो तो इथेच. पहिल्याच भागात गॉल लोकांशी चकमक आहे. रोमन शिपाई ढालीला ढाल लावून उभे. पहिल्या रांगेतला माणूस ढाल पुढे रेटतो, तिच्याआडून भोसकतो, परत रेटतो. सेंच्युरियन, म्हणजे तुकडीचा अंमलदार, शिट्टी वाजवतो. पुढचा दमलेला गडी कडेने मागे सरकतो, मागचा ताजा त्याच्या जागी. मागचा प्रत्येक जण पुढच्याला पाठीला धरून उभा. शिट्टीला ठोस पुरावा नाही म्हणतात. असू दे. लढाई म्हणजे पाळीचं काम आहे, दमलेल्या हाताला बाजूला करून ताज्या हाताला पुढे आणायची व्यवस्था आहे, हे एका मिनिटात डोळ्यांना कळतं. आणि त्यातून एक पुलो नावाचा शिपाई माज करून रांग सोडून पुढे घुसतो, तेव्हा त्याचं कौतुक होत नाही, शिक्षा होते. बाकीच्या मालिकांमध्ये त्याचाच नायक केला असता.

इथे मोठ्या लढाया मात्र जवळजवळ नाहीत. पैशाचं गणित असणार. फार्सालसची लढाई, इ.स.पू. ४८, सीझर विरुद्ध पॉम्पी, काही धूसर झलका आणि संपली. पण मला त्याचं वाईट वाटलं नाही, कारण तिथलं खरं नाटक लढाईच्या आधी आहे. डिरॅकियमजवळ सीझरची फौज धान्यावाचून अडकली होती. शिपायांनी 'कारा' (chara) नावाचं कसलंसं कंद खणून काढलं, दुधात मिसळून त्याच्या भाकऱ्या केल्या, आणि पॉम्पीचे लोक उपाशी म्हणून चिडवायला लागले तेव्हा त्याच भाकऱ्या त्यांच्या अंगावर फेकल्या. पॉम्पीने ती भाकरी बघितली आणि म्हणाला, आपली गाठ जनावरांशी आहे. ती भाकरी आपल्या शिपायांच्या नजरेस पडू देऊ नका, असंही त्याने सांगितलं म्हणतात. पुढे फार्सालसला हीच उपाशी माणसं जिंकली आणि पॉम्पीच्या छावणीत शिरली. आत बघतात तर मांडव घातलेले, तंबूत ताज्या हिरवळीचे गालिचे, चांदीची ताटं मांडून ठेवलेली. लढाई व्हायच्या आधीच विजयाची पंगत! स्वतः सीझरने हे लिहून ठेवलंय. आमच्याकडे निवडणुकीच्या निकालाच्या आदल्या दिवशी येणाऱ्या ऑर्डरी मी ॲडव्हान्स घेतल्याशिवाय धरत नाही, ते उगाच नाही.

उपाशी फौज म्हणजे काय हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी आपले लोक पानिपतावर बाहेर पडले ते अन्न संपलं म्हणून. ते आपल्याला पाठ आहे. तरी पडद्यावर फौज आली की आपण भाले मोजत बसतो.

या सगळ्यात मला राहून राहून वाटतं ते आपल्या गावाबद्दल. नाशिकला बसून आपण मॅसिडोनिया आणि रोम बघतो. पांडवलेण्याच्या पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचं स्मारक आहे, आणि त्याच डोंगरात वर, पायऱ्या चढून गेलं की, दोन हजार वर्षांपूर्वीच्या लढाईची कागदपत्रं दगडात कोरलेली आहेत. दोघांची गाठ अजून कुणी घालून दिलेली नाही.

पुतण्याबरोबर मी वर गेले ते हे बघायलाच. तीन नंबरच्या लेण्याची ओसरी सहा दणकट यक्षांनी खांद्यावर उचलून धरलीय. त्यांचं फक्त छातीपर्यंतचं अंग दिसतं, बाकीचं जमिनीत गाडल्यासारखं. अक्षरं ओसरीच्या भिंतीवर, छताजवळ, मान वर करून बघावी लागतात. मला वाचता येत नाहीत, पुतण्या पुस्तकातून वाचून दाखवत होता. गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरात घराण्याच्या नहपानाला हरवलं. ते शालेय पुस्तकात आहे. इथे भिंतीवर आहे ते त्यानंतरचं. राज्याच्या अठराव्या वर्षी, विजयी सेनेच्या छावणीतून, राजा गोवर्धनच्या अमात्याला हुकूम पाठवतो. गोवर्धन म्हणजे गंगापूरकडचं आपलं गोवर्धन. नहपानाचा जावई उषवदात आजवर जे शेत खात होता, ते दोनशे निवर्तनांचं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत या डोंगरावरच्या भिक्षूंना दिलं. आणि अटी: त्या शेतात राजाच्या माणसांनी शिरायचं नाही, त्रास द्यायचा नाही, मीठ खणायचं नाही.

म्हणजे एरवी शिरत होते. एरवी खणत होते. नाहीतर एवढं दगडात कशाला लिहायचं? मला त्या एका ओळीत सगळी फौज दिसली, उभ्या पिकात घुसलेली.

त्याच लेण्यात सहा वर्षांनंतरचा, चोविसाव्या वर्षीचा, दुसरा हुकूम आहे. यात राजाबरोबर त्याची आईही आहे. काखडी गावातलं जे शेत आम्ही आधी दिलं ते कुणी कसत नाही आणि गावात वस्ती नाही, तेव्हा त्याऐवजी नगराच्या सीमेवरच्या आमच्या शेतातलं शंभर निवर्तन देतो. गाव का उठलं ते भिंत सांगत नाही. विजयाच्या वर्णनाच्या मोठमोठ्या ओळी त्याच लेण्यात आहेत, पण मी आणि पुतण्या घरी येईपर्यंत बोलत होतो ते या काखडीबद्दल. दिलेल्या दानाची चौकशी झाली, पडीक आहे हे कुणीतरी वर कळवलं, आणि राजाने बदली जमीन दिली, अर्धीच का होईना. कोणता लेखक सुचवेल हा प्रसंग?

जावईबुवांचा म्हणजे उषवदाताचा लेखही याच डोंगरात, दहा नंबरच्या लेण्यात आहे, आणि तो एखाद्या मालिकेच्या पहिल्या भागासारखा सुरसुरीत आहे. राजाच्या हुकुमावरून तो ऐन पावसाळ्यात उत्तरेकडे निघाला, मालय नावाच्या लोकांनी वेढलेल्या उत्तमभद्र लोकांच्या प्रमुखाला सोडवायला. मालय म्हणे नुसता आवाज ऐकूनच पळाले. मग हे पुष्करला गेले, तळ्यांत स्नान केलं, तीन हजार गाई आणि एक गाव दान दिलं. पावसाळ्यात! ओलं जळण, फुगलेले ओढे, भिजलेला दाणा. लढाई झालीच नाही असं लिहिणारा सेनापती मला तरी खरा वाटतो.

तर कोणी निर्माता हे वाचत असेल आणि नहपान विरुद्ध गौतमीपुत्र अशी मालिका काढायचं मनात असेल, तर दहा भागांपेक्षा लांबवू नका, दाढ्या वाढू द्या, आणि प्रत्येक भागात एकदा तरी चूल पेटलेली दाखवा. शूटिंग नाशिकला असेल तर युनिटचं जेवण आम्ही करू. पाचशे पानांपर्यंत दोन दिवस आधी सांगितलं तरी चालेल. हत्तींचं तेवढं वेगळं बघावं लागेल.